दोन ग्रो रूम आणि एसीचं टनेज: खोली नाही, वॅट मोजा

गेले दोन महिने डोक्यात हाच एक विषय आहे. दोन ग्रो रूम, म्हणजे दिव्यांखाली झाडं वाढवायच्या बंद खोल्या, दोन्ही 3 बाय 3 मीटर, उंची 2.7. मोठ्या झाडांच्या रूममध्ये ढोबळी मिरची, दुसरीत काकडीची रोपं. आणि जो भेटेल तो विचारतो, खोली केवढी आहे? अहो, खोली केवढी याने ग्रो रूममध्ये जवळजवळ काहीच कळत नाही. खोलीच्या मापावरून पाऊण नाहीतर एक टन सांगतात तो हिशोब माणसं झोपतात त्या खोलीसाठी आहे, जिथे अडीच हजार वॅटचे दिवे दिवसाला 14 तास जळत नाहीत.

तर पहिली गोष्ट, रूममध्ये जेवढी वीज जाते ती शेवटी उष्णताच होते. एलईडी असला तरी. एलईडीने कमी विजेत जास्त उजेड मिळतो हे खरं, पण तो उजेडही पानांवर, भिंतींवर, कुंड्यांवर पडून उष्णताच होतो, झाड त्यातलं अगदी थोडं साठवून ठेवतं. म्हणून प्लग मीटर लावून प्रत्येक वस्तू मोजा, खोक्यावरचा आकडा धरू नका. माझ्या मिरचीच्या रूमचे चार दिवे मिळून 2,560 वॅट, पंखे 100, टाकीतला पंप 40, डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) 500. झाले 3,200. त्यात भिंती आणि छत धरायचं, माझं साधं विटांचं काम आहे, इन्सुलेशन नाही, यू व्हॅल्यू (दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला किती वॅट आत येतात तो आकडा) साधारण 2, एकूण 41 चौरस मीटर, बाहेर आतल्यापेक्षा 10 अंश जास्त असेल तर 820 वॅट आत येतात. एकूण 4,020 वॅट, गुणिले 3.412, म्हणजे तासाला सुमारे 13,700 बीटीयू (एसीची ताकद ज्यात सांगतात ते उष्णतेचं माप). एक टन म्हणजे 12,000. म्हणजे एक टनात हे बसत नाही, दीडच लागतो.

रोपांच्या रूमचं सगळं मिळून 1,000 वॅट अधिक भिंती 820, म्हणजे 6,200 बीटीयू. तिथे पाऊण टन भरपूर झाला.

आता पाणी. इथे बरेच जण घोळ करतात आणि आधी मीही केला. मिरचीला दिवसाला 14 लिटर पाणी घालतो, त्यातलं बहुतेक सगळं पानांतून वाफ होऊन हवेत जातं. एक लिटरची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट ऊर्जा लागते, तासाला एक लिटर म्हणजे 680 वॅट. हे दिव्यांच्या वॅटमध्ये वरून मिळवायचं नाही!! ही उष्णता दिव्यांचीच आहे, फक्त हवा गरम करायच्या ऐवजी पाण्याच्या वाफेत गेली आहे. डिह्युमिडिफायर ती वाफ परत पाणी करतो तेव्हा तीच उष्णता रूममध्ये परत येते, वर त्याची स्वतःची वीज. म्हणून हिशोबात फक्त त्याचे 500 वॅट मिळवायचे. मी एक दिवस एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली लावून बसलो, डिह्युमिडिफायरची टाकी आणि बादली मिळून साडेबारा लिटर पाणी जमलं. घातलेल्या 14 पैकी साडेबारा! ते पाणी बादलीत बघितल्यावर हा विषय जसा समजला तसा कुठल्या तक्त्याने समजला नव्हता.

एक आणखी, दीड टनातली सगळी ताकद हवा गार करायला वापरली जात नाही, काही भाग पाणी काढण्यात जातो. म्हणून 18,000 दिसले तरी माझ्या रूमला ते उधळपट्टी नाहीत. आणि नेमप्लेटवरचा आकडा बाहेर 35 अंश आणि आत 27 अंश धरून दिलेला असतो, बाहेर 42 असेल तर तेवढं थंड मिळत नाही.

मग मोठाच घ्यावा का, तर नाही. मागच्या वेळी रोपांच्या रूममध्ये मी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू नाहीतर बंद असा, एसी लावला होता, असू दे जास्तीचा म्हणून. तीन-चार मिनिटांत 24 वर आणून कॉम्प्रेसर बंद व्हायचा, पंखा चालूच, कॉइलवरचं पाणी खाली जायच्या आधीच परत हवेत. रूम गार आणि दमट. दहा-बारा दिवसांत काकडीच्या पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके, भुरी. बोटाने पुसली तर निघायची आणि दोन दिवसांत परत. अर्धी रोपं काढून टाकावी लागली, फार वाईट वाटलं.

म्हणून आता विक्रेत्याला पहिला प्रश्न, हा इन्व्हर्टर कमीत कमी किती बीटीयूवर चालतो? जास्तीत जास्तचा आकडा सगळे सांगतात, कमीत कमीचा माहितीपत्रकात शोधावा लागतो, पण रात्रीचं सगळं त्याच्यावर आहे. दिवे बंद झाले की एसीला कामच उरत नाही. 25 अंशाला 60 टक्के असलेली हवा 20 वर आली, त्यातलं पाणी तेवढंच राहिलं, तरी आर्द्रता 81 टक्के होते, आणि झाडं तर अजून थोडी वाफ सोडतच असतात. ती वेळ डिह्युमिडिफायरची, आणि त्याच्या उष्णतेने एसीलाही थोडं काम मिळतं.

एकच आउटडोअर आणि दोन इनडोअर, म्हणजे मल्टी स्प्लिट, हा मोह मलाही झाला. दोन्ही मिळून 20,000 बीटीयूच्या आत, दोन टनात बसतं. पण साध्या मल्टीत एका रूमला थंड आणि दुसरीला गरम असं एकाच वेळी होत नाही, आणि थंडीच्या दिवसात मला नेमकं तेच लागतं. शिवाय एकटी रोपांची रूम चालू असेल तर मोठ्या आउटडोअरला ते काम फार कमी पडतं, परत तोच चालू-बंदचा खेळ. आणि आउटडोअर बिघडलं तर दोन्ही रूम एकदम गेल्या. म्हणून दोन वेगळे, दीड आणि पाऊण, दोन्ही इन्व्हर्टर, दोन्हींना वेगळा एमसीबी. थंडीतही कूलिंग चालवायचं असेल तर बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालतो हेही विचारून घ्या.

मिरचीच्या रूममध्ये सध्या रात्री दोनला आर्द्रता 63 टक्के दिसते. रोपांचं युनिट पुढच्या आठवड्यात बसेल, इनडोअरचा झोत थेट ट्रेवर येऊ नये म्हणून ते दाराच्या वर घेतोय, फक्त तिथून ड्रेनला उतार नीट मिळतोय का ते एकदा पाणी ओतून बघायचंय.