लहान डेस्कटॉपची रॅम आणि सर्व्हिस सेंटरचा फॉर्म: माझा अनुभव

लहान डेस्कटॉपमध्ये रॅम बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येणाऱ्या कोणालाही ते जमते. त्याविषयी लिहिण्याजोगे फारसे काही नाही. मला लिहायचे आहे ते त्या रॅमच्या वॉरंटीविषयी, म्हणजे पणजीतील एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जे घडले आणि जे बराच काळ घडलेच नाही, त्याविषयी. सेंटरचे नाव मी देत नाही. तसा फॉर्म आणि तसे काउंटर इतरत्रही असणार, याची मला खात्री आहे.

माझे यंत्र म्हणजे कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त होऊन बाजारात आलेला, जाडजूड शब्दकोशाएवढा डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीतील आय५-८५००टी हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे. तो ३५ वॅट क्षमतेचा असल्यामुळे यंत्र तापत नाही आणि वीज गेल्यावर लहानशा यूपीएसवरही तग धरते. आमच्या म्हार्दोळच्या आसपास जत्रेनिमित्त होणाऱ्या उत्सवी नाटकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून त्यांच्या संहिता टंकित करून देण्याचे काम मी करतो, आणि त्याला आठ जीबी रॅम आजवर कशीबशी पुरत होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला, तेव्हा मी विंडोज ११ घेतले. कंपनीच्या लेखी त्याला किमान चार जीबी रॅम लागते. प्रत्यक्षात ब्राउझर, स्कॅन केलेली पाने आणि पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडले की यंत्र प्रत्येक क्लिकनंतर विचारात पडू लागले. रॅम बसवण्याच्या दोनपैकी एक खोबण, म्हणजे स्लॉट, रिकामी होती. त्यात आणखी आठ जीबीची एक पट्टी बसवावी, एवढाच बेत होता.

कोणती रॅम घ्यायची हे विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दिसते. किती स्लॉट वापरात आहेत, वेग किती आहे आणि आकार कोणता आहे, हे सर्व तेथे नोंदलेले असते. माझ्याकडे आकारापुढे ‘सोडिम’, म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम, असे होते, आणि या संपूर्ण कथेचे मूळ त्या एका नोंदीत आहे. अशा लहान डेस्कटॉपमध्ये डेस्कटॉपची लांब रॅम बसतच नाही, लॅपटॉपची आखूड रॅम बसते. डीडीआर४, म्हणजे रॅमच्या चौथ्या पिढीची, लांब पट्टी सुमारे १३.३ सेंटिमीटरची आणि २८८ पिनांची असते, तर आखूड पट्टी सात सेंटिमीटरच्या आसपास आणि २६० पिनांची. आखूड पट्ट्यांमध्येही डीडीआर३ला २०४ आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात आणि खाचेची जागा बदललेली असते, त्यामुळे पिढी चुकली तर पट्टी स्लॉटमध्ये जात नाही. आय५-८५००टी हा प्रोसेसर २६६६ पर्यंतच्या वेगाची डीडीआर४ वापरतो. दुकानात ३२००ची पट्टी मिळाली तरी ती साधारणपणे २६६६ वर उतरून चालते, म्हणून अधिक वेगासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

मडगावच्या दुकानदाराने नेमकी २६६६ची आखूड पट्टी दिली. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. प्लग काढून, पॉवरचे बटण दाबून उरलेली वीज उतरवून, धातूच्या कवचाला हात लावून मी झाकण सरकवले, पट्टी तिरकी धरून स्लॉटमध्ये रेटली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या पकडी टक्‌ करून बसल्या. पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहतो, कारण यंत्र नव्या मेमरीशी जुळवून घेत असते. त्या वेळी घाबरून वीज बंद करू नये. त्यानंतर सोळा जीबी दिसू लागली आणि दोन दिवस मी खुशीत होतो.

मग मांडणीच्या फायली उघडताना मोडक्या निघू लागल्या आणि मधूनच निळा पडदा येऊन त्यावर मेमरी मॅनेजमेंट असे नाव झळकू लागले. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन पेनड्राइव्हवर घालून त्यावरून यंत्र सुरू करावे. त्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांपर्यंत चाचणी घेते. रात्री लावून ठेवले की सकाळी निकाल हाती येतो. मी आधी दोन्ही पट्ट्या, मग जुनी एकटी, मग नवी एकटी, आणि शेवटी नवी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, अशा क्रमाने तपासले. जुनी पट्टी कोठेही निर्दोष ठरत होती आणि नवी पट्टी कोणत्याही स्लॉटमध्ये चुकांच्या लाल ओळी दाखवत होती. म्हणजे दोष मदरबोर्डात नव्हता, पट्टीतच होता. या निष्कर्षाचा मला आजही अभिमान वाटतो, कारण पुढे तोच एक आधार उरला. प्रत्येक लाल पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात कोणत्या स्लॉटमध्ये कोणती पट्टी होती याची चिठ्ठीही दिसू द्यावी.

दुकानदाराची स्वतःची बदलून देण्याची मुदत तोपर्यंत संपली होती, म्हणून त्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. नवी रॅम घरी आणल्यावर पहिल्या रात्रीच मेमटेस्ट लावावा, हे माझे ठाम मत येथेच बनले, कारण दुकानाची मुदत असेपर्यंत बदल काउंटरवर होतो आणि ती संपली की फॉर्म सुरू होतो. एरवी मी सरळ दुसरी पट्टी विकत घेतली असती. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने वर गेले. उत्पादकांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली आणि जुन्या डीडीआर४चे उत्पादन आखडते घेतले. ज्या किमतीला मी पट्टी घेतली होती त्या किमतीला ती आता कोठेही मिळत नव्हती, त्यामुळे त्या सदोष पट्टीची वॉरंटी सोडून देणे परवडणारे नव्हते.

सर्व्हिस सेंटरमधील तरुणाने पट्टी घेतली, आतल्या खोलीत नेली आणि थोड्याच वेळात परत येऊन ती चालते असे सांगितले. चालते म्हणजे त्याने एका लॅपटॉपमध्ये घालून विंडोज सुरू केले होते. मी त्याला शक्य तितक्या शांतपणे सांगितले की नुकत्याच सुरू झालेल्या विंडोजला तीनचार जीबी मेमरी लागते, उरलेल्या जागेला ते हातही लावत नाही, आणि खराब भाग त्या उरलेल्या जागेत असेल तर विंडोज सुरू होण्याने काहीच सिद्ध होत नाही. मग संगणकाने स्वतःच एरर का दाखवली नाही, असा त्याचा प्रश्न आला. तोही रास्त होता. साठवलेल्या अंकात झालेली चूक पकडण्याची सोय सर्व्हरमधील ईसीसी मेमरीत असते. आपल्या घरगुती पट्ट्यांत ती नसते, म्हणून चुकीचा अंक मुकाट्याने पुढे जातो आणि फाइल मोडल्यावरच कळते. छायाचित्रे पाहिल्यावर त्याने वाद सोडला आणि संगणकावर फॉर्म उघडला.

फॉर्ममध्ये पहिलाच रकाना वस्तूच्या प्रकाराचा होता आणि त्यात दोनच पर्याय होते: डेस्कटॉपची मेमरी किंवा लॅपटॉपची मेमरी. तरुणाने विचारले, “सर, तुमचो डेस्कटॉप न्हय?” मी म्हटले की यंत्र डेस्कटॉपच आहे, परंतु पट्टी लॅपटॉपची आहे, आणि ती तुमच्या हातातच आहे. त्याने मान डोलावली आणि डेस्कटॉप निवडला. मी पुन्हा सांगितले, तेव्हा ग्राहकाचे यंत्र ज्या प्रकारचे असेल तोच पर्याय भरावा अशी सूचना आहे, असे उत्तर मिळाले. पावतीवर तशीच नोंद झाली. पट्टी मुंबईला रवाना झाली आणि माझे फोन सुरू झाले. प्रत्येक फोनला एकच उत्तर येत असे, “अजून येवंक ना, फाल्यां पळोवया,” म्हणजे अजून आली नाही, उद्या पाहू. कार्तिक उलटून जत्रांचे दिवस सुरू झाले, नाटक मंडळांचे निरोप येऊ लागले, आणि मी आठ जीबीवर एकेक पान वेगळे उघडून काम रेटत राहिलो.

अखेर पाकीट आले. सही केल्याशिवाय ते हातात देण्याची पद्धत नसल्यामुळे आधी सही झाली आणि मग पाकीट उघडले. त्यात आठ जीबीची, २६६६ वेगाची, कोरी करकरीत लांब पट्टी होती. ती माझ्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये जाणे तर दूरच, झाकणाखालच्या मोकळ्या जागेतही मावली नसती.

यानंतरचा भाग मी तपशिलाने लिहितो, कारण अशा प्रसंगी काय करू नये हे त्यातून कळते. पहिली तक्रार माझ्या सहीने बंद झाली होती, त्यामुळे नवी तक्रार नोंदवावी लागेल असे तरुणाने सांगितले. नवी तक्रार नव्या पट्टीच्या सिरियल नंबरवर होणार आणि त्यात दोषाचा प्रकार निवडणे सक्तीचे होते. पर्याय होते ते निळा पडदा, संगणकाला मेमरी न दिसणे, वस्तूची मोडतोड आणि अशाच स्वरूपाचे आणखी काही. चुकीची वस्तू मिळाली असा पर्याय नव्हता. मोडतोड निवडली तर वॉरंटीच बाद होते. संगणकाला मेमरी दिसत नाही असे लिहावे, कारण बसतच नाही तर दिसणार कशी, असे त्या तरुणाने सुचवले. त्याच्या तर्कात खोट नव्हती. परंतु तसे लिहिले असते तर ती पट्टी मुंबईला जाऊन मोठ्या डेस्कटॉपमध्ये तपासली गेली असती, तेथे ती निर्दोष ठरली असती आणि दोष आढळला नाही असा शेरा घेऊन तीच लांब पट्टी मला परत मिळाली असती. म्हणून मी त्या फॉर्मवर सही करण्यास नकार दिला आणि वरिष्ठांना भेटल्याशिवाय काउंटर सोडणार नाही असे सांगितले. मागे रांग वाढत होती आणि लोकांच्या नजरा मला जाणवत होत्या, परंतु त्या क्षणी मला संकोच वाटला नाही.

वरिष्ठ म्हणून एक बाई बाहेर आल्या. त्यांच्यापुढे मी मडगावचे बिल ठेवले, मूळ पट्टीच्या लेबलचे छायाचित्र ठेवले आणि त्यावरचा पार्ट नंबर दाखवला. हे छायाचित्र पट्टी जमा करण्यापूर्वीच काढलेले असावे, नंतर ते मिळण्याचा मार्ग राहत नाही. बाईंनी सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तेव्हा उलगडा झाला. प्रकार डेस्कटॉप निवडला की त्या प्रकारातलेच पार्ट नंबर यादीत दिसतात, आमचा नंबर त्यात नव्हता, म्हणून तरुणाने क्षमता आणि वेग जुळणारा जवळचा नंबर निवडला होता. बाईंनी नवी तक्रार न करता जुनीच तक्रार पुन्हा उघडली, प्रकार बदलला आणि शेऱ्याच्या जागी सोडिम हा शब्द व मूळ पार्ट नंबर माझ्यासमोर टंकित केला. तशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती. ती काउंटरवरच्या मुलाच्या अधिकारात नव्हती, इतकेच. त्या मुलावर माझा राग राहिलेला नाही. ज्याने दोन पर्यायांचा तो रकाना रचला, त्याच्यावर आहे.

दुसऱ्या वेळी आलेली पट्टी आखूड होती. ती मी काउंटरवरच मूळ छायाचित्राशी ताडून पाहिली आणि घरी आणून त्याच रात्री मेमटेस्टला लावली. एकही लाल ओळ आली नाही, आणि सकाळी तो पडदा पाहून मला जे हायसे वाटले ते खरोखर रॅमपेक्षा फॉर्म संपल्याचे होते.

बसवण्यासंबंधी एक गोष्ट वर राहून गेली. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये धूळ आणि ओल बसलेली असते, म्हणून पट्टी घालण्यापूर्वी मऊ ब्रशने तो झाडून घ्यावा, आणि जुन्या पट्टीच्या सोनेरी कडा काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. दोन्ही स्लॉट सारख्या क्षमतेच्या पट्ट्यांनी भरले की मेमरी दोन मार्गांनी वाचली जाते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा यंत्रांना त्याचा फायदा होतो, कारण त्यांचे ग्राफिक्स याच मेमरीतून वाटा घेते. त्या वाट्यामुळेच विंडोज सोळापैकी थोडी कमी मेमरी वापरण्यायोग्य दाखवते. तो दोष नाही, आणि त्यासाठी तक्रार करायला जाऊ नये.

बिलाविषयी आणखी एक. दुकानांतून मिळणारी बरीच बिले थर्मल कागदावर छापलेली असतात आणि उष्णतेने ती पुसट होत जातात. माझ्या बिलावरचा सिरियल नंबर आत्ताच वाचताना डोळे ताणावे लागतात. पट्टी विकत घेतल्या दिवशीच बिलाची झेरॉक्स काढावी, आणि पट्टी बदलून मिळाल्यास नव्या पट्टीचा सिरियल नंबर त्या झेरॉक्सवर सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्यासह लिहून घ्यावा.