तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सर, कॉलेजच्या बागेत तुम्ही कोका लावला होता म्हणे?’

ज्याच्या पानांतून कोकेन काढतात, तो कोका नव्हता लावला. लावला होता त्याचा भाऊबंद, एरिथ्रोक्सायलम मोनोगायनम. आंध्र-तमिळनाडूच्या कोरड्या डोंगरांवर आपसूक वाढणारं झाड. लाकडाला वास असतो, म्हणून चंदनाच्या नावाखाली खपवतात. कोकेन काढायला कुचकामी. कोकेनवाला तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला एरिथ्रोक्सायलम कोका, १७८६ साली लामार्कने नाव दिलेला. लग्नाच्या पंगतीत हे किती वेळा सांगायचं?

रोप गुडघ्याएवढं झालं होतं. पाटी मीच रंगवली होती, वर शास्त्रीय नाव, खाली कुळ. संस्थेचे एक पदाधिकारी पालकांना बाग दाखवत होते. कुणीतरी पाटीवरचा पहिला शब्द मोबाइलवर टाकला आणि स्क्रीनवर पांढरी पावडर आली. लगेच ऑफिसात बोलावणं. मी प्रजाती (जीनस) आणि तिच्यातली जाती (स्पीशीज) यांतला फरक समजावत बसलो. वांगं आणि बटाटा दोन्ही सोलॅनम, म्हणून वांग्याला कुणी बटाटा म्हणतं का? साहेब म्हणाले, ‘हे पोलिसांना सांगाल?’ शिपायाने माझ्यादेखत रोप उपटलं. मुळांना पिशवीतली लाल माती अजून तशीच चिकटलेली. वर माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. ‘सदर वनस्पती’ असा उल्लेख करा, नाव लिहू नका, अशी सूचनाही मिळाली. स्टाफरूममध्ये महिनाभर माझं नाव ‘एस्कोबार’, त्या कोलंबियाच्या कोकेन-तस्कराचं.

त्या रात्री साहेबांना खोटं पाडायचं म्हणून १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा उघडला. कोकाचं झाड म्हणजे एरिथ्रोक्सायलॉन प्रजातीतली कोणतीही जाती. कोणतीही! १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हीच व्याख्या आहे. (तिथे शेवटी ‘लॉन’, आम्ही वनस्पतिशास्त्रवाले ब्राउनने १७५६ साली दिलेल्या नावातलं ‘लम’ लिहितो. हा मुद्दा मी खुलाशात घातला नाही, एवढं शहाणपण होतं.) आणि कलम ८ बघा: लागवड तर नाहीच, झाडाचा कुठलाही भाग गोळा करणंही मना. म्हणजे आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरावर आपोआप उगवलेलं झाडही कायद्याने कोकाच.

तेव्हा मी म्हणालो होतो, कायदा लिहिताना एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं! आता तसं ठणकावून म्हणवत नाही. पिकवला जाणारा कोकाही एका जातीचा नाही. कोलंबियातला नोव्होग्रानाटेन्स आधी कोकाचाच प्रकार मानला जायचा; १८९५ साली हिएरोनिमसने त्याला स्वतंत्र जात केलं. कोकेन दोन्हींत. कायद्यात नुसतं ‘कोका’ लिहिलं असतं, तर वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा: आमच्या अशिलाचं झाड नोव्होग्रानाटेन्स आहे, मिलॉर्ड! त्यात २०२१च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की ग्रासिलिपेस या रानटी जातीपासून माणसाने कोका दोन-तीनदा वेगवेगळा घडवला. नावं पुन्हा बदलली तर मला नवल वाटणार नाही. मग सगळी प्रजातीच बांधून टाकणाऱ्याला मूर्ख कसं म्हणू?

पण मोनोगायनमने कुणाचं काय वाकडं केलंय? आणि साहेबांनी तरी कायदा कुठे वाचला होता? त्यांनी फोनवरचं चित्र बघून झाड उपटायला लावलं. ते कायद्याच्या बाजूने निघाले हा निव्वळ योगायोग, आणि तो मला अजून पचलेला नाही.