तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या दुकानावर नुसतं '१९' का लिहिलंय?

आमचं भांड्यांचं दुकान कोल्हापुरात महाद्वार रोडवर, गुजरीच्या म्हणजे सराफ बाजाराच्या जवळ. गिऱ्हाईक कुकरचा भाव विचारायच्या आधी वर बघून विचारतं, "काका, वर नुसतं १९ काय?" कुणाला तो दुकान नंबर वाटतो, कुणाला १९ वं शतक, आणि आर्किटेक्चरची पोरं वह्या घेऊन आली की त्यांचा प्रश्न जरा सुधारून येतो, "ही बिल्डिंग नक्की कधीची?" म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

तर ते १९३८ आहे. म्हणजे होतं. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी मिळून दुकानाची पुढची बाजू सिमेंटची करून घेतली तेव्हा गवंड्यानं बरोबर मधोमध श्री काढली, खाली सन, दोन्हीकडं वेलबुट्टी. नंतरच्या पिढीत वाटणी झाली. इमारत चार खणांची, म्हणजे दोन खांबांमधलं एक अंतर तो एक खण, जुन्या पेठेत घर असंच मोजायचे, तर दोन खण आम्हाला दोन चुलत घराला आणि हद्द मधल्या खांबावरनं. कागदावर एकदम सोपं वाटतं, पण ती रेघ वर सरळ नेली की सनाच्या पोटातनं जाते. मग कित्येक वर्षं निम्मी इमारत पिवळी आणि निम्मी गुलाबी अशी उभी होती, आणि शेवटी चुलतभावांनी त्यांची बाजू पाडून काचेचं कॉम्प्लेक्स उभं केलं. ३८ त्यात गेलं. श्रीची वेलांटी पण त्यांच्याकडंच गेली.

पण खरं सांगू का, अख्खं १९३८ असतं तरी उत्तर चुकीचंच झालं असतं. ते फक्त तोंडाचं वय. पेठेतली दुकानाची इमारत एका वर्षी बांधून झाली असं होतच नाही, पुढनं मागं आणि खालनं वर बघत जावं लागतं.

सगळ्यात जुनं म्हणजे जोतं, इमारतीखालचा चौथरा. काळ्या घडीव दगडाचं, पण आता त्याचा जेमतेम एक थर दिसतो कारण डांबरावर डांबर चढवून रस्ताच वर आलाय. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या जाड, बघणाऱ्याला वाटतं सगळं वजन त्यांच्यावर आहे. तसं नाही. मधलं वजन सगळं लाकडावर, मधल्या भिंती नुसत्या आडोशाला. म्हणून अशा इमारतीत मधली भिंत काढली तर फारसं बिघडत नाही, पण शोकेससाठी खांब कापला की संपलं, आणि पेठेत खांबच कापलेत लोकांनी, खाली एक गर्डर घुसडायचा आणि वर फॉल्स सीलिंग मारायचं की कुणाला दिसत नाही.

आमची बाजू वाचली ती सुतारामुळं. त्यानं पुढच्या तुळया अखंड न टाकता दोन तुकड्यांत घेतल्या होत्या आणि जोड नेमका मधल्या खांबावर आणला होता. शेजारचे दोन खण पाडले तेव्हा आमच्या दोन खणांना त्यातल्या त्यात काही झालं नाही, नुसते गिलाव्याला तडे गेले. त्या सुताराचं नाव कुठंच नाही, सन मात्र गवंड्यानं एवढा मोठा काढलाय.

आता "शाहू महाराजांच्या काळातली का?" हा प्रश्न. कोल्हापुरात जुनं दिसलं की ते शाहू महाराजांच्या काळातलं, हे ठरलेलं. नवा राजवाडासुद्धा लोक त्यांनीच बांधला म्हणतात, पण तो मेजर मँट या इंजिनिअरच्या नकाशावर १८८४ ला पुरा झाला तेव्हा महाराज नुकतेच दत्तक आलेले, वय वर्षं दहा! आमच्या इमारतीचं छप्पर मात्र त्यांच्या काळातलं असावं. माळ्यावर अजून जुन्या नळीच्या कौलांचा ढीग पडलाय आणि वर मंगलोरी कौलं आहेत. मंगळूरला ही चपटी कौलं बाझेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून निघायला लागली, आणि मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, तेव्हा एवढं वजन गाडीनं आणणं परवडायला लागलं. महाराजांचा राज्यकारभार १८९४ ते १९२२, म्हणजे हिशोब साधारण तिथंच बसतो.

दुकानाचा भाग तर अजून वेगळा. पूर्वी शटर नव्हतं, फळ्या होत्या, प्रत्येक फळी आपापल्या खाचेतच बसायची म्हणून त्यांच्यावर खुणा असायच्या, पाचवी सहाव्याच्या जागी गेली की सकाळी सगळा खोळंबा. शटर आलं तसा पुढचा कट्टा गेला, त्याच्यावर बसून गप्पा मारणारे पण गेले. माळ्याच्या फळ्यांत एक चौकोनी झडप आहे, तिच्यातनं हंडे-घागरी दोरानं खाली सोडायचे. ती अजून चालू आहे, आम्ही तिथनं मिक्सरचे खोके सोडतो.

आणि मग ते सिमेंट. भारतात सिमेंट पोरबंदरला १९१४ पासून बनायला लागलं आणि तिसाच्या दशकात सगळ्यांनाच पुढची बाजू मुंबईसारखी गुळगुळीत पाहिजे झाली. दिसायला झकास, मी नाही म्हणत नाही. पण चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि परत सोडतो, सिमेंट ती सोडत नाही. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की पावसाळ्यात आत गेलेलं पाणी आतच मुरतं, म्हणून दर दिवाळीला आमचे पोपडे निघतात आणि शेजारच्या बोळातल्या चुन्याच्या भिंतीला काही होत नाही.

एवढं असून इमारत टिकली कशी? प्रेमानं नाही हो. वरच्या मजल्यावर भाडेकरू होते आणि १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा होता. भाडं वाढेना म्हणून दुरुस्ती नाही, आणि भाडेकरू हलेना म्हणून पाडणंही नाही. पेठेतल्या निम्म्या जुन्या इमारती अशाच भांडणावर उभ्या आहेत असं माझं मत, बाकी कुणाला पटो न पटो. चुलतभावांचे भाडेकरू आधी निघाले, त्यांनी आधी पाडली. त्यांना मी नावं ठेवत नाही, पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक राजारामपुरीला जातं हे मलाही दिसतं.

माळा बघायचा असेल तर या खुशाल, पण शुक्रवार सोडून, अंबाबाईच्या गर्दीत मला वर यायला जमत नाही, आणि नवरात्रात तर नावच काढू नका. मूळचा जिना वाटणीत त्यांच्याकडं गेला, तो आता नाही. मागच्या बोळातनं लोखंडी शिडीवजा जिना आहे, त्याच्यावरनं चढायचं, चपला खालीच काढा, घसरतं.