जुना सीडी प्लेअर बदलायचा की नाही, माझा अनुभव

आमच्या फोंड्याच्या घरातला सीडी प्लेअर 2001 सालचा. गेल्या पावसात सीडी मध्येच अडकायला लागली आणि आवाजही दबल्यासारखा वाटायला लागला, तंबोरा नुसता घुमतोय आणि अभिषेकीबुवांचा आवाज कुठेतरी मागे. बुवा आमच्या मंगेशीचे, लहानपणापासून कानात बसलेला आवाज, तो असा ऐकवेना. नवा घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण आधी म्हापशाला एका रिपेअरवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "लेन्सवर बुरशी धरलीय, आधी साफ करून बघुया, मग काय ते ठरवा."

आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसली, ट्रेचा सैल झालेला बेल्ट बदलला, अडकणं थांबलं. आवाज मात्र तसाच. आता कळतं की तो तसाच राहणार होता, कारण वाचताना झालेल्या बारीक चुका प्लेअर स्वतःच दुरुस्त करतो, नाही जमलं तर गाणं उडी मारतं नाहीतर टिकटिक येते, पण आवाज दबत नाही.

मग मित्राचा डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारी वेगळी पेटी (प्लेअरच्या आत हेच काम एक चिप करते), आठवडाभर घरी आणला, कोॲक्सियल केबलने जोडला, आणि पहिल्या रात्री वाटलं हेच पाहिजे होतं! दोन दिवसांनी लक्षात आलं की डॅकचा आवाज जरा मोठाच येतोय, आणि कानाला मोठा आवाज नेहमी जास्त छान वाटतो. म्हणून टेस्ट टोन (एकाच पट्टीतला सलग सूर) लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून दोन्हीचे व्होल्ट जुळवले, व्हॉल्यूमवर दोन खुणा केल्या, मुलगा कधी डॅक तर कधी नुसता प्लेअर असं बदलत राहिला आणि मी पाठ करून बसलो. 20 पैकी 11 वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. सीडीवर असतं 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, तेवढं 2001 ची चांगली चिपसुद्धा नीट वाजवते.

खरा घोळ स्पीकरचा होता! पावसात खिडकीतून पाणी येतं म्हणून मीच ते कोपऱ्यात सरकवलेले, आणि कोपऱ्यात खर्ज फुगतो. भिंतीपासून दोन फूट बाहेर ओढले, दमट हवेने काळ्या पडलेल्या केबलच्या पिना पुसल्या, आणि तंबोरा मागे जाऊन बुवा समोर आले. त्या रात्री एक वाजेपर्यंत ऐकत बसलो.

डॅक परत दिला. आता लेझर जाईल तेव्हा पंचाईत नको म्हणून माझ्या मॉडेलचा पिकअप (लेझर आणि लेन्सचा सुटा भाग) कुठे मिळतो ते शोधतोय.