नांगर टाकून तीन तास

बाकी सगळे वासोटा किल्ला चढायला गेले आणि मी लाँचमध्येच राहिलो. गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं तर अर्धा गुडघा, अर्धा आळस. बामणोलीपासून कोयनेच्या जलाशयातून इथवर इंजिनच्या घडघडीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. ती थांबल्यावरही बराच वेळ कानात चालूच राहिली. मग हळूहळू पाण्याचं चुबुकचुबुक ऐकू यायला लागलं.

काठाला खडक आणि वारं तिकडेच लोटणारं. म्हणून बोटवाल्या काकांनी लाँच जरा आत घेतली आणि चार नख्यांचा गंजका नांगर पाण्यात सोडला. दोर पाच-सहा वाव गेला, तरी ते ढील देतच होते.

"एवढा कशाला?"

"उभा ताणला की सुटतो. तिरका पडला म्हंजी माती धरतो."

फाळाचंही तेच. उभा दाबला तर रुततो, तिरका धरला तर चालतो. मराठीनं दोघांना एकच नाव दिलं ते उगाच नाही, असं मला वाटून गेलं. फरक एवढाच, की एक चालण्यासाठी मातीत घुसतो आणि दुसरा थांबण्यासाठी. हा शोध मी मोठ्या उत्साहानं काकांना ऐकवला.

"ह्याला आमी आकडा म्हंतो," ते तंबाखू मळत म्हणाले. "नांगर शेतातला. आमचा हुता की, त्या सोंडंच्या खाली."

सोंडेखाली निळंशार पाणी होतं. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, खोऱ्यातली गावं उठली. कुणी सांगलीकडे गेलं, कुणी सोलापूर, कुणी रायगड. काही घरं नुसती डोंगरात वर सरकली, काकांचं त्यातलं. आता शंभरावर टीएमसी पाणी अडतं. महाबळेश्वरला उगम पावून कराडला कृष्णेला मिळणारी, म्हणजे बंगालच्या उपसागराची वाट धरलेली ही नदी. तिचं बरंचसं पाणी कोकणात पोफळीकडे खाली उतरवून वीज करतात, आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. माणसांचं राहू द्या, इथं पाण्याचंसुद्धा पुनर्वसन झालंय.

दुपारी वारं फिरलं. लाँच नांगराभोवती हळूच अर्धी फिरली आणि मघापासून पाठीमागे असलेलं जंगल समोर आलं. मी जागचा हललो नव्हतो. काका फळीवर आडवे होऊन चक्क घोरत होते; दोराचं एक वेटोळं मात्र पायाच्या अंगठ्याला.

मंडळी उतरली तेव्हा घामानं निथळत होती आणि सगळी एकदमच बोलत होती. अंधाराआधी परतायचं होतं, जंगलात रात्री राहायला परवानगी नाही. काकांनी दोर ओढला. नख्यांना काळपट गाळ चिकटून आला होता. तो त्यांनी अंगठ्यानं निपटला, बोटांत चुरून पाहिला.

"भाताची हाय," म्हणाले, हात पाण्यात खळबळले आणि इंजिनकडे वळले.