मेरी की हॅपी? तुम्ही विचारलंत म्हणून

थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की अजून फ्रीजमध्ये असते आणि पहिला मेसेज येतो: ‘ऑफिसात नक्की काय म्हणायचं हो, मेरी ख्रिसमस की हॅपी हॉलिडेज?’ पहिल्यात सणाचं नाव येतं, दुसऱ्यात नाव न घेता सगळेच सण आले. विचारणारे दोन तऱ्हेचे. एक नुकतेच न्यू जर्सीत उतरलेले, एचआरला भ्यायलेले. दुसरे इथे वीस वर्षं काढलेले. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, माझं फक्त खोडायला हवं असतं. शिवाय पुण्याहून एक व्हिडिओ येतो तो वेगळाच, ‘अमेरिकेत आता ख्रिसमस म्हणायलाही बंदी’. फोनवर माझं दुसरं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही, म्हणून या वेळी लिहूनच टाकते.

बंदीचं आधी संपवू. बंदी होती, खरी. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत 1659 साली ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, आणि ठेवणारे कट्टर ख्रिस्तीच होते, प्युरिटन. बायबलात ज्याला आधार नाही तो सण कशाला, हा त्यांचा मुद्दा. 1681 मध्ये दंड उठला. आज तुम्ही शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला, बसमधल्या परक्या माणसाला मेरी ख्रिसमस म्हणालात तर कुठला कायदा आड येत नाही. दुकानात काउंटरवर काय म्हणायचं हे मालक ठरवू शकतो, पण तो दुकानाचा नियम. कोर्टात गाजले ते खटले सरकारी जागेत काय मांडावं याचे. 1989 च्या पिट्सबर्गच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कोर्टहाउसच्या जिन्यावरचा एकटा येशूजन्माचा गव्हाणीचा देखावा घटनाबाह्य ठरवला. मात्र दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी ख्रिसमस ट्रीशेजारी उभा असलेला 18 फुटी मेनोरा, म्हणजे ज्यूंच्या हानुका सणाचा फांद्यांचा दिवा, चालवून घेतला. एकट्याने बसायचं नाही, सोबत कुणी असेल तर चालेल, असा काहीसा तो निकाल. टेक्सासने तर 2013 मध्ये शाळांत मेरी ख्रिसमस, हॅपी हानुका, हॅपी हॉलिडेज म्हणता येईल असा कायदाच केला. जे मना नव्हतंच त्याची परवानगी.

दुसरा गैरसमज: हॉलिडेजवालं हे सगळं हल्लीचं फॅड. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, 1953 मध्ये, व्हाइट हाउसच्या कार्डावर ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ छापलं होतं. आणि कार्डांवर ख्रिसमस दिसत नाही ही तक्रार त्याहूनही जुनी. मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने 1921 च्या सुमारास ती केली, ज्यूंच्या नावाने खडे फोडत. हा फोर्ड मी बरीच वर्षं हुकमाच्या एक्क्यासारखा वापरला. कुणी मेरी ख्रिसमसचा आग्रह धरला की टाक फोर्ड. आता तसं करत नाही. तक्रारीचा एक पूर्वज घाणेरडा होता म्हणून चर्चमधून येऊन हसत मेरी ख्रिसमस म्हणणाऱ्या शेजारच्या आजी त्याच माळेच्या होत नाहीत. हे कळायला मला इतकी वर्षं का लागली, ते सोडा.

आता कामाचं.

ओळख नसेल तर हॅपी हॉलिडेज. थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपासून, 31 डिसेंबरपर्यंत चालतं. समोरचा आधी बोलला तर त्याचाच शब्द त्याला परत करायचा. रामरामाला रामराम म्हणताना आपण कुणाची वंशावळ काढत नाही, तसंच. ‘थँक्स, पण आम्ही हिंदू’ असं सांगणारे महाभाग आहेत. मागे रांगेत सहा माणसं खोळंबलेली असतात.

ओळख असेल तर नेमकं बोला, आणि नेमकं बोलायचं तर तारीख बघा. घसरतात ते इथेच. हानुका हिब्रू किस्लेव महिन्याच्या 25 ला, पण सुरू होतो आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, आणि आठ रात्री चालतो. महिने चंद्राचे, आणि 19 वर्षांत 7 महिने जास्तीचे घालून ऋतूंशी मेळ राखलेला. ज्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे त्यांना अधिक महिना समजावायला नको. 2013 मध्ये हानुका थँक्सगिव्हिंगलाच आला. 2024 मध्ये पहिली मेणबत्ती नेमकी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागली, 2025 मध्ये 14 ला. 2026 मध्ये ती 4 डिसेंबरला लागते आणि 12 ला सगळं आटोपतं. त्या वर्षी 20 डिसेंबरला ‘हॅपी हानुका’ म्हणजे अनंत चतुर्दशी उलटल्यावर ‘गणपतीला येतो हं’.

आणि मुळात हानुका धाकटा सण. मोठे दिवस रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, आणि योम किप्पूर, बहुधा सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात. पहिल्याला ‘शाना तोवा’ म्हणा. दुसरा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा, त्याला ‘हॅपी’ लावू नका आणि त्या दिवशी मीटिंगही ठेवू नका. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या चालीरीतींत तर हानुका नव्हताच, नंतर आला. डिसेंबरात सांताशेजारी मेणबत्ती काढली की ज्यू सहकाऱ्यांचं देणं फिटलं, असं समजणाऱ्यांना हे ऐकवावं लागतं.

बाकीचं भराभर. क्वांझा 26 डिसेंबर ते 1 जानेवारी. मौलाना करेंगा यांनी 1966 मध्ये सुरू केलेला आफ्रिकी-अमेरिकी सांस्कृतिक उत्सव. प्रत्येक कृष्णवर्णीय माणूस तो पाळतो हे गृहीत धरलंत तर तोंडावर पडाल. रशियन, सर्बियन, इथिओपियन चर्चवाल्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला, कारण त्यांचं पंचांग 13 दिवस मागे. ग्रीकांचा मात्र 25 डिसेंबरलाच. यहोवाज विटनेसेस ख्रिसमस पाळत नाहीत, वाढदिवसही नाहीत; त्यांना ‘वीकेंड छान जावो’ पुरे. रमजान ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. 2000 मध्ये ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली होती आणि काही वर्षांत पुन्हा या गर्दीत येईल.

लेखी मजकुराची गोष्ट निराळी, कारण तो पुसता येत नाही. ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ फक्त कागदावर; तोंडाने कुणी म्हणत नाही. त्यात एस अक्षराआधी अपॉस्ट्रॉफी लागतो. घरच्या कार्डावर उलट: ‘द पाटील्स’ लिहिताना अपॉस्ट्रॉफी नको, नुसता एस. दोनशे कार्डं छापून झाल्यावर हे कळतं. चौरस पाकीट दिसायला सुंदर, पण पोस्टाच्या यंत्रातून नीट जात नाही म्हणून जादा तिकीट लागतं. न लावल्यास परत येतं, तेही बहुधा जानेवारीत. भारतात जाणारी कार्डं नोव्हेंबरातच टाका. चित्र निवडताना फांद्या मोजा. हानुकाच्या दिव्याला नऊ फांद्या, आठ रात्रींच्या आठ आणि एक बाकीच्या पेटवायची. सातांचा दिवा जेरुसलेमच्या मंदिराचा. क्वांझाच्या ‘किनारा’ नावाच्या मेणबत्तीदाणीतही सातच मेणबत्त्या, तीन लाल, एक काळी, तीन हिरव्या. तयार चित्रांत या तिघांची सर्रास अदलाबदल असते.

ऑफिसच्या ईमेलमध्ये सहा सणांची यादी करू नका. सातवा कुणाचा तरी राहतोच, आणि ज्याचा राहतो तोच ती यादी सगळ्यात बारकाईने वाचतो. ‘वर्षअखेरीला विश्रांती मिळो’ आणि ऑफिस कोणत्या तारखांना बंद, एवढं पुरतं. लोक तारखांसाठीच ते उघडतात.

हे सगळं मी बिनदिक्कत सांगते. बिनसतं ते सिअ‍ॅटलपाशी.

डिसेंबर 2006, सिअ‍ॅटल-टकोमा विमानतळ. दरवर्षीप्रमाणे आत ख्रिसमसची झाडं उभी होती, दिवे, फिती. चबाद-लुबाविच या ज्यू पंथाच्या एका रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ऑक्टोबरातच विचारलं होतं: यांच्याबरोबर आठ फुटी मेनोराही लावूया का? आठवडे गेले, होकार येईना. डिसेंबर उजाडला, वकिलामार्फत दाव्याची भाषा झाली. हानुका त्या वर्षी 15 च्या संध्याकाळी लागणार होता. विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑफ सिअ‍ॅटलपुढे तीन वाटा होत्या. मेनोरा लावायचा, नाही म्हणून दावा अंगावर घ्यायचा, किंवा झाडंच काढायची. मेनोरा लावला की आणखी कोण काय मागेल, आणि वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत प्रत्येकाच्या संस्कृतीचा विचार कधी करायचा, असा हिशेब करून त्यांनी तिसरी धरली. रात्रीच्या रात्रीत झाडं उतरवली.

बातमी देशभर गेली. आता शिव्या कुणाला बसल्या असतील? विमानतळाला बसल्याच, पण रब्बींना आणि ज्यू संस्थांनाही द्वेषाची पत्रं येऊ लागली. झाडं काढा असं ते एकदाही म्हणाले नव्हते; काढलेली पाहून तेच हादरले होते. इकडे विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या काउंटरवर छोटी झाडं आणून ठेवली. सोमवारी, 11 तारखेला, रब्बींनी दावा करणार नसल्याचं कळवलं आणि त्याच रात्री मोठी झाडं परत उभी राहिली. मेनोरा त्या वर्षी लागलाच नाही. पुढच्या वर्षी तिथे बर्चची झाडं होती, कापसाचा बर्फ, स्फटिक आणि आरसे. कुणाच्याच सणाचा नसलेला हिवाळा.

यावर माझं मत आधी असं होतं: बघा, म्हणूनच सगळ्यांना पुरेल असा एकच शब्द बरा. मेनोरा नको, झाड नको, हॅपी हॉलिडेज म्हणा आणि मोकळे व्हा. नंतर तेच तपशील पुन्हा वाचताना अडकले. रब्बी बेरीज मागत होते. वजाबाकी केली ती भ्यालेल्या ऑफिसाने, आणि बिल आलं मागणाऱ्याच्या नावावर. म्हणजे मी ज्याला सर्वसमावेशक म्हणत होते ते कापसाचा बर्फ तर नव्हे?

पण थांबा, विमानतळाचंही अगदीच चूक नाही. मेनोरा लावला असता तर पुढच्या ऑक्टोबरात आपल्यापैकीच कुणीतरी आकाशकंदील घेऊन उभं राहिलं असतं. राहायलाच हवं, असं मला वाटतं. आणि आकाशकंदिलानंतर? रेघ कुठे ओढायची हे मला सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की मागायचं असेल तर ऑगस्टमध्ये मागा, आणि लेखी: उंची किती, प्लग कुठे, दिवा विजेचा की ज्योतीचा (ज्योतीला अग्निशमनवाले नाहीच म्हणतात, पहिल्यांदा ‘विजेचा’ हेच लिहा), लावणार कोण, कोणत्या तारखेला उतरवणार कोण. ‘त्यांचं आहे मग आमचं का नाही’ हे वाक्य अर्जात घालू नका. डिसेंबरात मागितलंत तर समोरच्याकडे फक्त घाबरायलाच वेळ उरतो.

पुण्याच्या व्हिडिओवाल्यांना एक विचारायचं आहे. आपल्याकडे शाळेला नाताळची सुट्टी लागते, मुंबई हायकोर्टाचीही ती नाताळचीच. तो शब्द पोर्तुगिजांकडून आला, अर्थ जन्म, आणि चर्चची पायरी न चढलेली घरंही त्या सुट्टीत खुशाल महाबळेश्वरला जातात. सणाचं नाव घेऊन आपण सण न पाळता सुट्टी भोगतो. इथले लोक सण पाळतात आणि नाव घेताना अडखळतात. यातलं निकोप कोणतं? मी पूर्वी पटकन आपलं म्हटलं असतं. मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एका दुकानाचा ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ असा मेसेज आला की कपाळावर आठी का पडते? दिवाळी म्हणायला काय झालं यांना? ती आठी आणि हॅपी हॉलिडेज ऐकून शेजारच्या आजींना पडणारी आठी एकच आहे. मला ते आवडत नाही, पण आहे. तरीही उद्या अनोळखी माणसाला मी हॅपी हॉलिडेजच म्हणणार.

‘आणि हॅपी न्यू इयर कधीपर्यंत?’ हा यानंतरचा मेसेज. जानेवारीचा पहिला पंधरवडा, फार तर. तोवर संक्रांत येतेच. ऑफिसात तिळगूळ नेणार असाल तर डब्यावर ‘तीळ, शेंगदाणे’ अशी इंग्रजीत ठळक चिठ्ठी लावा. 2023 पासून तीळही इथल्या प्रमुख अ‍ॅलर्जींच्या सरकारी यादीत आहेत. गोड बोला, ते नंतर सांगा.