घट बसायच्या आधी

भाद्रपद वद्य चतुर्थी

आज उघडीप मिळाली. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा आत्यांचा (माझ्या सासूबाईंचा) नियम. त्या कराडला असताना वाकळा (गोधड्या) कृष्णेच्या घाटावर जायच्या. इथं गच्चीवर टबात भिजवाव्या लागतात.

धुण्याआधी प्रत्येक वाकळ उजेडात धरून पाहिली. जिथं हात आरपार दिसतो, तिथं कापड संपत आलंय. अशी जागा धुण्याआधीच धरून घ्यावी लागते, नाहीतर पाण्याच्या वजनानं फाटते. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, आणि एका टोकाला धरून उचलली की सगळा भार त्या टोकावरच्या टाक्यांवर येतो. म्हणून खाली जुनी चादर घातली आणि चादरीसकट दोघींनी उचलली. पिळली नाही, नुसती दाबली. तारेवर न टाकता बाजेवर आडवी पसरली. सावलीत वाळायला वेळ लागला, पण तांबड्या काठाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला नाही.

वद्य सप्तमी

नवी वाकळ पितृपंधरवड्यात धरायची नाही, असं आत्यांचं ठाम म्हणणं. डागडुजीला मात्र हरकत नाही. मला हे बरंच वाटलं. नवं सुरू करायची घाई असली की जुनं कोपऱ्यात पडून राहतं.

आजची वाकळ बाहेरून चांगली आहे, फक्त दोरा जागोजाग तुटलाय. अशा वेळी जुन्याच भोकांतून नवा धावदोरा घालते. नवी भोकं पाडली की जीर्ण कापड टाक्याच्या रेषेवर चिरतं. दोरा सुतीच घ्यायचा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून दुकानदार तो पुढं करतो, पण कापडापेक्षा दोरा बळकट झाला की ताण पडल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटतं. आधी तुटायचा तो दोरा तुटावा. तो परत घालता येतो, कापड परत आणता येत नाही. दाभणही नको, लांब बारीक सुई पुरते.

आत्या शेजारी बसून बघत होत्या. "दोरा लई वढू नगंस, चुन्या पडत्यात. हातभरच घे, गुतत न्हाई." त्यांची नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिली नाही, पण टाका वाकडा गेलेला त्यांना हात फिरवून कळतो.

अविधवा नवमी

आज आजेसासूबाईंचं पान वाढलं. त्या अहेवपणी गेल्या. दुपारी मुद्दाम त्यांच्या लुगड्याची वाकळ काढली. वरचा थर काळ्या चंद्रकळेचा आहे आणि तोच सर्वात आधी गेलाय. जुन्या काळ्या रंगात लोह असलं की ते सुताला हळूहळू खातं. शेजारची हिरवी, निळी पट्टी शाबूत असते आणि काळीचा मात्र भुगा होतो. त्या विरलेल्या जागेतून खालचं हिरवं इरकल दिसलं. आत्या म्हणाल्या, "ह्ये सासूबाईंचं. वटपुनवेला नेसायच्या."

घरात दोन मतं पडली. धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं, वाकळ उसवून हिरवं लुगडं बाहेर काढावं आणि काचेच्या चौकटीत लावावं. मी नाही म्हटलं. आत्यांनी स्वतः घातलेले टाके त्यासाठी उसवावे लागतील, आणि चाळीसेक वर्षं सगळ्या थरांनी मिळून धरलेलं कापड एकटं सुटलं तर टिकणार नाही. वाकळ पांघरण्यासाठी शिवलेली आहे. ती पांघरता येईल अशीच दुरुस्त व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

मग विरलेल्या काळ्यावर जुन्या धोतराचं ठिगळ घातलं. ठिगळ भोकापेक्षा चांगलं चार बोटं मोठं घेतलं, म्हणजे टाका धड कापडात बसतो. कडा आत मुडपल्या आणि जुन्या ओळींच्या दिशेनंच टीप नेली. पांढरं ठिगळ काळ्यावर उठून दिसतं. दिसू दे. या वाकळीत आधीची तीन-चार ठिगळं आहेतच, आणि कुठलं कुणी घातलं हे आत्या टाक्यावरून सांगतात. हिरवा काठ दिसतो तेवढी बोटभर फट मी उघडी ठेवली, फक्त कडेनं टाके घालून. आत्यांनी तिथं दोनदा हात फिरवला आणि जेवायला उठल्या.

सर्वपित्री अमावास्या

नव्या वाकळीसाठी कापडं निवडायला बसलो. चिंध्यांचं गाठोडं सुटलं की आत्यांना गाडगेबाबा आठवतात. त्यांच्या वडिलांनी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. लोक बाबांना गोधडेबुवा म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांमुळं.

हिशेब सोपा आहे. नऊवार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर, साधारण सत्तावीस फूट. साडेसहा फुटांची घडी घातली की एका लुगड्यात एका माणसाच्या वाकळीचे चार थर निघतात. रुंदी लुगड्याचीच. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची जास्त, म्हणून टाका घट्ट आवळायचा नाही. शिलाई कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे न्यायची, ओळींत बोटभर अंतर. सैल कापड आत आत सरकत जातं, म्हणून दर फेरीला तळहातानं सारखं करायचं. नाहीतर मध्ये फुगा येतो.

अडचण कापडाची आहे. आत्यांच्या पिढीनंतर घरात नेसून मऊ झालेलं सुती लुगडंच उरलं नाही. माझ्या कपाटात जॉर्जेट, नायलॉन, सिंथेटिक सिल्क. ते घसरतं, घाम पीत नाही, थर एकमेकांना धरून राहत नाहीत. दुकानातून नवं सुती कापड आणलं तरी आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि वाकळ आखडते. एवढं करूनही वापरलेल्या कापडाचा मऊपणा येत नाही. म्हणून आज सगळ्या बहिणींना, जावांना फोन केले. जुनी सुती पातळं, मुलांचे मलमलचे झबले, सासऱ्यांची धोतरं, विरलेली असली तरी चालतील, बोहारणीला देऊ नका. नायलॉन पाठवू नका. दसऱ्याला सुई लावायची आहे, त्याआधी पोचली पाहिजेत. नणंदेनं पहिलंच गाठोडं कबूल केलंय, तिच्या सासूबाईंची दोन पातळं, त्यातलं एक जांभळं.